‘अजून अर्धी घे’: आईच्या आग्रहाचं करायचं काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे 38 वर्षांचे, मूळचे बीड जिल्ह्यातले, नोकरीला पुण्यात. तपासणीत एचबीएवनसी (रक्तातल्या साखरेची गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवणारा आकडा) 6.2 निघाला आणि डाएट सुरू झालं: सकाळी काळी कॉफी, दुपारी सॅलड आणि ताक, संध्याकाळी मूठभर चणे, रात्री भाजी आणि वाटीभर वरण, गुरुवारी उपवास. भाकरी-भात बंद. 66 वर्षांची आई सोबत राहते. ती वाढत राहते आणि नको म्हटलं की तिचे डोळे भरून येतात. सहा वर्षांच्या नातवाला ताट स्वच्छ केल्याशिवाय ती उठू देत नाही. आणि सगळे झोपले की हे गृहस्थ फ्रीजसमोर उभे राहून हाताला येईल ते खातात: उरलेला भात, लाडू, मुलाचं चॉकलेट. ‘अन्नाशी माझं नातं बिघडलंय का? आणि आईला कसं समजावू?’ असं त्यांनी विचारलंय.

तुम्ही आईबद्दल जास्त लिहिलंय, पण मी फ्रीजपासून सुरुवात करते. कारण ती गोष्ट आजपासून बदलता येईल, आईशी बोलायला थोडी तयारी लागेल.

तुमचा दिवसभराचा आहार मी दोनदा वाचला. एवढं खाऊन कुणालाही रात्री साडेअकराला फ्रीज उघडावासा वाटेल. तुम्ही त्याला ‘मनाचा कमकुवतपणा’ म्हणता. मधुमेहाच्या रुग्णांशी बोलण्यात माझं बरंच आयुष्य गेलंय, आणि हा शब्द ज्यांच्या तोंडी येतो त्यातले बहुतेक जण साधे उपाशी असतात. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, 1944-45 मध्ये, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी 36 निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. ते सगळे स्वखुशीने आलेले, मनाने खंबीर असे निवडलेले. रोज साधारण 1,570 कॅलरी मिळायच्या आणि चालणं, काम चालूच. वजन सुमारे चौथ्या हिश्शाने उतरलं, ते अपेक्षितच होतं. पण त्यांच्या डोक्यात अन्नाशिवाय काही राहिलं नाही. पाककृतींची पुस्तकं जमवायची, ताटं चाटायची, एकच जेवण तासभर पुरवायचं, कुणी जास्त खाल्लं तर चिडायचं. प्रयोग संपल्यावर काही जण आठवडेच्या आठवडे पोट फुटेस्तोवर खात होते आणि तरी भूक भागत नव्हती. त्या तरुणांना कुणी मनाने कमकुवत म्हणणार नाही. शरीराला टंचाई कळली की ते मनाला कामाला लावतं, एवढंच.

दुसरी गोष्ट लाडवाची. 1975 मध्ये हर्मन आणि मॅक या मानसशास्त्रज्ञांनी एक साधा प्रयोग केला. लोकांना आधी मिल्कशेक पाजलं आणि मग आइस्क्रीमची ‘चव सांगायला’ बसवलं. एरवी खाण्यावर बंधन न ठेवणाऱ्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं, पोट भरलेलं होतं ना. पण सतत खाणं आवरून धरणाऱ्यांनी मिल्कशेकनंतर उलट जास्त खाल्लं. नियम मोडलाच आहे, आता आवरायचं कशाला, हा तो हिशेब. आपल्याकडे ‘खाईन तर तुपाशी, नाहीतर उपाशी’ म्हणतात ना, अगदी तेच. एक लाडू खाल्ला की तुमचं डाएट ‘मोडतं’, आणि मोडलं म्हटल्यावर डबा रिकामा होतो.

म्हणून पहिलं काम, रात्रीची भाकरी परत आणा. एक ज्वारीची किंवा बाजरीची, सोबत पालेभाजी, घट्ट वरण किंवा उसळ. सकाळी पोटात काहीतरी जाऊ द्या, मग ते थालीपीठ असो की मुगाचं धिरडं. साखर कमी करायच्या गोळ्या सुरू असतील तर वेळा आणि प्रमाण डॉक्टरांना विचारूनच बदला. आणि रात्री तरीही खावंसं वाटलं तर खा, पण दिवा लावून, ताटलीत घेऊन, खाली बसून. तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त काळजीचं वाटलं ते लाडवापेक्षा ते अंधारात उभं राहून खाणं. उभ्याने, चोरून खाल्लेलं मनात मोजलं जात नाही, पण त्याची लाज मात्र साठत जाते, आणि दुसऱ्या दिवशीचा उपास त्या लाजेतून निघतो.

त्या गुरुवारबद्दलही लिहितेच. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, रक्तातली साखर भरकन वर नेणारा. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ हे आपल्या आजीपणज्यांनी उगाच म्हटलेलं नाही. एक गंमत सांगते. उपवासाला गहू-तांदूळ चालत नाहीत, पण ज्यांच्यावर उपवास चालतो ते साबुदाण्याचा कंद, बटाटा, रताळं, शेंगदाणा, मिरची हे सगळे मूळचे अमेरिका खंडातले, पोर्तुगिजांच्या काळात आणि त्यानंतर इकडे आलेले. म्हणजे आपलं सोवळं दिसतं तेवढं कडक नाही. नवं आलं, त्याला जागा करून दिली आणि पुढे त्यालाच परंपरा म्हटलं. तुमच्या घरातही जागा होऊ शकेल, असं मला वाटतं ते याच भरवशावर.

आता आई.

त्या 66 वर्षांच्या आणि बीड जिल्ह्यातल्या, म्हणजे 1972 च्या दुष्काळात बारा-तेरा वर्षांच्या. हे गणित तुम्ही कधी मांडलंय का? 1973 च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर जवळपास 50 लाख माणसं होती. रस्ते, पाझर तलाव, नालाबंडिंग, खडी फोडणं. कामावर सुकडी, म्हणजे पूरक आहार, मिळायची, रेशनला अमेरिकेची लाल मिलो ज्वारी. तिची भाकरी धड थापली जात नसे, हे मराठवाड्यातली कुठलीही म्हातारी बाई हाताने दाखवून सांगते. तिथे अजून म्हणतात की बहात्तरला विहिरीला पाणी होतं पण कणगीत दाणा नव्हता, आणि आता रेशनला दाणा आहे तर पाणी नाही. ज्या मुलीने त्या वयात आईला ‘मला भूक नाही, तुम्ही खा’ म्हणताना ऐकलंय, तिच्या कानाला ‘भूक नाही’ हे वाक्य कधीच साधं लागत नाही.

आग्रह करणारी प्रत्येक बाई दुष्काळातूनच आलेली असते, असं मी म्हणत नाही. कोकणात, विदर्भात, खात्यापित्या घरांतही आग्रह आहेच. तुमच्या आईच्या वाट्याला काय आलं हे पत्रावरून ठरवणं बरोबर नाही, ते त्यांनाच विचारा. पण विचारा नक्की. आईने दुष्काळात काय खाल्लं हे पुष्कळ मुलांना चाळिशी आली तरी माहीत नसतं.

आग्रहाची स्वतःची एक रीत असते आणि तुमची अडचण त्या रीतीतच आहे. पंगतीत पाहुण्याने पहिल्यांदा ‘नको’ म्हणायचं असतं, तो शिष्टाचार आहे. दुसऱ्यांदा म्हटलेलं ‘नको’ही फारसं कुणी धरत नाही. खरं नको असेल तर पानावर हात आडवा धरायचा, आणि तरी वाढणारी बोटांच्या फटीतून जिलबी सोडणार. त्याच्या जोडीला दुसरा नियम: पानात टाकायचं नाही. वाढणाऱ्याला थांबायचं नाही आणि खाणाऱ्याला टाकायचं नाही, हे दोन्ही एकत्र आले की उरलेलं कुठे जाणार? पोटात. वर्षातून चार पंगती होत्या तोवर हे चालून गेलं. आता रोजचं जेवणच पंगतीसारखं झालंय.

पण त्याच रीतीत थांबायची खूणही होती, ती आपण हरवली. शेवटचा भात ताकाचा किंवा दह्याचा. तो पानात पडला की जेवण संपलं, मग कुणी पोळीचा आग्रह करत नसे. अर्थात हा पांढरपेशा घरांचा क्रम. तुमच्याकडे भाकरी, कोरड्यास, ठेचा असंच असणार. पण शेवटी ताक पिऊन हात धुण्याची पद्धत तिकडेही आहेच. तीच खूण परत वापरता येईल, पुढे सांगते.

त्याआधी ते डोळे भरून येण्याबद्दल. आपल्या घरांत राग धरायची मान्यताप्राप्त पद्धत कोणती? न जेवणं. मुलगा परीक्षेवरून बोलणी खातो, ताटावरून उठतो. सासू रुसते, ‘मला नको जेवायला’ म्हणते. नवराबायकोचं भांडण झालं की डबा न नेता नवरा ऑफिसला जातो. उलट समेटही ताटावरच होतो: कुणी माफी मागत नाही, फक्त ‘चल, जेवून घे’ म्हणतात आणि भांडण मिटलेलं असतं. या घरांच्या हिशेबात न जेवणारा माणूस एक तर आजारी असतो, नाहीतर रागावलेला. तुम्ही चालता-फिरता, ऑफिसला जाता, म्हणजे आजारी नाही. मग उरलं काय? तुमच्या आईला तुमचं ‘नको’ कॅलरीबद्दल आहे हे कळायला त्यांच्याजवळ तिसरा खणच नाही. तुम्ही आहाराबद्दल बोलता आणि त्यांना रुसवा ऐकू येतो. म्हणून समजावून उपयोग होत नाही, कारण तुम्ही ज्याचं स्पष्टीकरण देताय तो त्यांचा प्रश्नच नाही.

यात सत्तेचाही भाग आहे, तो गोड बोलून झाकू नये. त्या पिढीतल्या बायकांच्या हातात जमीन नव्हती, पैसा नव्हता. कुणाच्या भाकरीवर लोणी जास्त, कुणाला साय, कुणाला खरवड, एवढंच त्यांच्या हातात होतं आणि त्यातून त्या घर चालवत. स्वतःच्या आवडीचं मागायची मुभा बाईला मिळायची ती गरोदरपणी, तेही डोहाळे म्हणजे पोटातल्या बाळाची इच्छा अशा नावाखाली. एरवी त्या मागे जेवायच्या, उरलंसुरलं. आज पुण्याच्या फ्लॅटमध्ये तुमच्या बायकोचं स्वयंपाकघर, तुमचा पगार, मोबाइलवर मागवलेली भाजी. त्यात त्यांचं असं काय राहिलंय? तुमचं ताट. तेवढंही तुम्ही हात आडवा धरून परत करताय.

आणि त्या ‘लई वाळलास’ म्हणतात तेही डोळ्यांना दिसतं म्हणूनच म्हणतात. आपल्याकडे हातपाय काटक्यांसारखे आणि चरबी पोटात, असा देह नेहमीचा. पुण्यातच डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आसपासच्या खेड्यांतली नवजात बाळं इंग्लंडमधल्या साउदम्पटनच्या बाळांशी ताडून पाहिली होती. आपली बाळं सरासरी 2.7 किलोची, तिकडची 3.5 किलोची. पण आपल्या किरकोळ बाळांतही कातडीखालची चरबी त्या मानाने टिकून होती, कमी होते ते स्नायू. वरून बारीक, आतून स्थूल. आपल्याकडे सडपातळ माणसालाही साखर लवकर गाठते त्यामागे हे एक कारण मानलं जातं. हे आईला असंच सांगा, दुष्काळ पाहिलेल्या माणसाला ते पटकन पटतं: पिढ्यान्‌पिढ्या कमी खाऊन तगलेल्या शरीराला एकदम पोटभर गोडधोड पचवता येत नाही.

तुम्ही जाता जाता लिहिलंय की ऑफिसच्या डब्यात भाकरी नेणं तुम्ही डाएटच्या कितीतरी आधी सोडलं होतं. या ओळीवर मी थांबले. भाकरी सोडण्याला साखरेचं कारण नंतर मिळालं, आधीचं कारण कॅन्टीनमधल्या नजरा होत्या. असं पुष्कळांचं होतं. कुणी सुकटीचा डबा उघडत नाही, कुणी मटण खाल्लेलं घरमालकाला कळू देत नाही. आपल्या समाजात कोण कुणाच्या हातचं खातो यावर माणसाची पायरी ठरली आहे, आणि ती मोजपट्टी शहरात आली तरी मोडलेली नाही, फक्त तिच्याबद्दल बोलत नाहीत. तुमच्या आईच्या लहानपणी गव्हाची पोळी सणालाच, म्हणून मुलगा रोज पोळी खातो हे त्यांना तुमच्या बढतीइतकंच मोठं. आणि तुम्हाला भाकरी मागे सोडावी लागली कारण ती गावाचा वास घेऊन येते. आता 2023 हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष म्हणून साजरं केल्यापासून तीच ज्वारी-बाजरी ‘मिलेट’ नावाने चकचकीत पाकिटांत, चौपट भावाने मिळते. हसू येतं, पण तुमच्यासाठी ते सोयीचंच झालंय. डबा उघडा ठेवून खा, निदान आता त्याला फॅशनचा आडोसा आहे.

बोलायचं कसं, ते आता सांगते. ताटावर बोलू नका. ताटावर जे बोललं जातं ते ताटाबद्दलच ऐकलं जातं. दुपारी त्या मेथी निवडत असतील तेव्हा शेजारी बसा, दोन काड्या तुम्हीही निवडा. रिपोर्टचा कागद दाखवा, 6.2 म्हणजे काय ते सांगा: 5.7 च्या खाली ठीक, 6.5 ला मधुमेह, मी मधल्या उंबऱ्यावर आहे. आणि मग ‘मला देऊ नकोस’ असं म्हणायच्या ऐवजी काहीतरी मागा. ‘साखर उतरेल असं तू मला काय करून घालशील?’ जवसाची चटणी, कारळ्याची चटणी, शेपू, मुगाची उसळ, पातळ ताक, यातलं कुठलं त्यांना तुमच्या डाएटच्या ॲपपेक्षा चांगलं जमत नाही? आग्रह त्या सोडणार नाहीत आणि सोडायची गरजही नाही. शेपूचा आग्रह करू देत की.

ताटावर बसल्यावर ‘नको’ हा शब्द टाळा. एखाद्या पदार्थाचं नाव घेऊन चांगला झालाय म्हणा, एक चमचा तूप हौसेने घ्या, मग ‘पोट भरलं, आता ताक दे’. ताक घेतलं की तुमचं जेवण झालं हे त्यांच्या रीतीने त्यांना कळतं. पहिले आठ-पंधरा दिवस त्या ताकानंतरही भाकरी पुढे करतील. चिडू नका.

नातवाच्या ताटाबाबत मात्र मी नमतं घेणार नाही. लेअन बर्च आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत लहान मुलांवर बरंच काम केलं. ‘सूप संपव’ म्हणून मागे लागलेल्या मुलांनी ते कमी खाल्लं आणि त्याबद्दल वाईट बोलली. कुणी मागे न लागता जास्त खाल्लं गेलं. शिवाय पोट भरल्याची आतली खूण सोडून ताटाकडे पाहून जेवायची सवय लागली तर ती मोठेपणी सुटायला जड जाते. तुमच्याहून हे चांगलं कुणाला ठाऊक असणार. आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांची एक विभागणी मी घरोघर सांगते: काय, कधी आणि कुठे हे मोठ्यांनी ठरवायचं, किती आणि खायचं की नाही हे मुलाने. ‘पानात टाकू नये’ हा आजीचा नियम तसाच राहू दे, चांगला नियम आहे. फक्त मुलाला स्वतः वाढून घेऊ द्या, अगदी थोडं, आणि हवं तर पुन्हा मागू द्या. आजीला सांगा, त्याने दुसऱ्यांदा मागितलं की ती तुझी जीत.

तुमचा पहिला प्रश्न, नातं बिघडलंय का. बऱ्यापैकी ताणलेलं आहे, आजार म्हणावा असं पत्रावरून तरी दिसत नाही. पण दिवसा पोटभर जेवूनही आठवड्यातून एकदा तरी, सलग तीन महिने, थोड्या वेळात खूप खाल्लं जात असेल, हात आवरतच नसेल आणि नंतर स्वतःची किळस येत असेल, तर मात्र मानसोपचारतज्ज्ञांना किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टना भेटा, त्यावर चांगले उपचार आहेत. खाऊन मुद्दाम उलटी काढत असाल तर तीन महिनेही थांबू नका. कुठे जावं कळत नसेल तर सरकारची टेलि-मानस सेवा 14416 वर आहे, मराठीत बोलता येतं.

एक राहिलं. तुम्ही लिहिलंय की मुलाच्या ताटातलं उरलेलं आणि पातेल्याच्या तळाचं आई ओट्याशी उभ्या राहून संपवतात, वाया जाऊ नये म्हणून. अशा बायकांना ‘काय जेवलात?’ विचारलं तर त्या एक भाकरी सांगतात, हे ओट्याशी खाल्लेलं त्यांच्या हिशेबात धरलेलंच नसतं. त्यांचं वय, तुमचा रिपोर्ट आणि मधुमेह घराण्यात चालतो ही गोष्ट लक्षात घेता, पुढच्या तपासणीला जाल तेव्हा त्यांनाही सोबत न्या आणि दोघांचंही एचबीएवनसी एकाच दिवशी करून घ्या.